घरी जुळविलेल्या संगणकातील चिरक्या आवाजाचा शोध : कारणे आणि तपासणीची पद्धत

सारांश

सुटे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन घरी जुळविलेल्या संगणकातून काही वेळा शिट्टीसारखा, सतत टोचणारा चिरका आवाज येतो. तो पंख्याचा समजून पंखा बदलला जातो आणि त्याने भागले नाही तर एकेक चांगला भाग बाद होतो. प्रस्तुत लेखात या आवाजामागील भौतिक कारणे, तो केवळ कानाने शोधताना होणारी फसगत आणि त्याचे उगमस्थान निश्चित करण्याची रीत यांचे विवेचन केले आहे. आवाज कोठून येतो असे वाटते यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो, हे पाहणे अधिक विश्वसनीय होय, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

प्रमुख संज्ञा : वारंवारता, वेटोळे, दाबविद्युत परिणाम, अनुस्पंदन, एसएमपीएस, श्रवणमर्यादा.

प्रस्तावना

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट वेगवेगळे आणून संगणक जुळविण्याची प्रथा महाराष्ट्रात चांगलीच रुळलेली आहे. तयार संगणकापेक्षा असा संगणक अनेकदा स्वस्त पडतो, हव्या त्या भागावर अधिक खर्च करता येतो आणि पुढे एकेक भाग बदलून त्याचे आयुष्य वाढविता येते. प्राध्यापकांच्या घरात आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असे ‘असेम्बल्ड’ संगणक मोठ्या संख्येने वापरात आहेत, ते याच कारणांमुळे.

मात्र या पद्धतीची एक बाजू बिघाडाच्या वेळीच लक्षात येते. तयार संगणकाची जबाबदारी एका कंपनीकडे असते. जुळविलेल्या संगणकाची पाच-सहा बिले असतात आणि प्रत्येक विक्रेता दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवितो. संगणक सुरूच होत नसेल, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. पण संगणक उत्तम चालतो, कोणतीही चूक दाखवीत नाही, केवळ कॅबिनेटमधून बारीक चिरका आवाज येत राहतो, अशा वेळी दोष सिद्ध करण्याचा सारा भार मालकावर येऊन पडतो. त्यातच घरातील मुलीला तो आवाज असह्य वाटतो आणि पन्नाशीच्या वडिलांना तो मुळीच ऐकू येत नाही, असेही घडते. मग तक्रार खरी की काल्पनिक, येथूनच वादाला सुरुवात होते. आवाजाचे स्वरूप समजून घेतल्यास हा वाद टळतो आणि अकारण खर्चही टळतो.

आवाज निर्माण कसा होतो?

चिरक्या आवाजाचा पहिला संशय साहजिकच फिरणाऱ्या भागांवर जातो. येथे थोडे गणित उपयोगी पडते. मिनिटाला १,२०० फेरे घेणाऱ्या आणि सात पाती असलेल्या पंख्याची पाती एखाद्या स्थिर बिंदूवरून सेकंदाला १४० वेळा जातात. म्हणजे त्याचा मूळ स्वर १४० हर्ट्झचा, अर्थात घुमण्यासारखा असतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. झिजलेले बेअरिंग किरकिरते, पंख्याला वायर घासली तर तडतड होते, हे खरे. परंतु अनेक हजार हर्ट्झचा, सुईसारखा सरळ आणि प्रोसेसरवर ताण येताच बदलणारा स्वर पंख्याच्या पात्यांपासून येणे कठीण आहे. असा स्वर बहुधा ज्या भागांत काहीच फिरत नाही, त्या भागांतून येतो.

घरातील २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यापासून संगणकाला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एसएमपीएस तयार करतो. पुढे मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांवरील नियंत्रक त्यातील १२ व्होल्टचे एक-सव्वा व्होल्ट करतात. या दोन्ही ठिकाणी विद्युतप्रवाह अत्यंत वेगाने चालू-बंद केला जातो आणि त्याचे तुकडे तांब्याच्या वेटोळ्यांतून व कपॅसिटरमधून नेऊन सलग केले जातात. ६५ वॅट घेणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टने वीज पुरवायची, तर सुमारे ५४ अँपिअरचा प्रवाह लागतो. मिक्सर किंवा इस्त्री यांच्या प्रवाहाशी तुलना केली म्हणजे नखाएवढ्या वेटोळ्यांतून किती मोठा प्रवाह वाहतो, याची कल्पना येते.

प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्या क्षेत्रात असलेल्या शेजारच्या तारेवर बल पडते. प्रवाह वरखाली झाला की बलही वरखाली होते आणि वेढा सैल बसलेला असेल, तर तो थरथरतो. याच्या जोडीला दुसरी घटना घडते. चुंबकीय क्षेत्रात लोखंडासारख्या पदार्थाची लांबी किंचित बदलते, हे इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. या परिणामास मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. रस्त्यावरील रोहित्राचा गुणगुणाट हे त्याचेच सर्वपरिचित रूप होय. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असूनही रोहित्र १०० हर्ट्झला गुणगुणते, कारण चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणतीही असो, गाभ्याच्या लांबीतील बदल एकाच प्रकारचा होतो. एका आवर्तनात क्षेत्र दोनदा कमाल होते म्हणून कंपनही दोनदा होते.

तिसरे कारण कपॅसिटरमध्ये आहे. मदरबोर्डवर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी रंगाचे शेकडो चिनीमातीसदृश कपॅसिटर बसविलेले असतात. त्यांपैकी अधिक धारकतेचे कपॅसिटर बेरियम टायटनेट या पदार्थापासून तयार होतात. काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज निर्माण होते, हे प्येर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. उलट, वीज दिल्यास अशा पदार्थाचा आकार बदलला पाहिजे, असे पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. बेरियम टायटनेटचे कपॅसिटरही विद्युतदाब बदलला की सूक्ष्म प्रमाणात फुगतात व आक्रसतात. ही हालचाल केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

इतक्या क्षुल्लक हालचालीचा आवाज खोलीभर कसा पोहोचतो? तंबोऱ्याची नुसती तार ताणून छेडली तर तिचा आवाज शेजारच्यालाही नीट ऐकू जात नाही. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात उतरते, तेव्हा ते सभागृहाला पुरते. कपॅसिटर बोर्डाला दोन्ही टोकांनी डाख देऊन जोडलेला असतो. तो लांबला की बोर्ड किंचित वाकतो आणि आक्रसला की सरळ होतो. हातभर नसला, तरी वीतभर लांबीरुंदीचा हा बोर्ड तबलीचे काम करतो. कंपनाची वारंवारता बोर्डाच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली, तर अनुस्पंदन होऊन आवाज अधिकच वाढतो. एकाच नमुन्याची दोन कार्डे एकाच कारखान्यातून येऊनही त्यांतील एक गप्प व दुसरे बोलके का असते, याचे उत्तर वेढ्याचा सैलपणा, डाखाचे प्रमाण आणि स्क्रूचा ताण अशा बारीकसारीक फरकांत असते.

न ऐकू येणारे ऐकू का येते?

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. माणसाची श्रवणमर्यादा ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते. मदरबोर्डवरील नियंत्रक प्रवाह चालू-बंद करतात तो सेकंदाला काही लाख वेळा आणि एसएमपीएसमधील मुख्य मंडल साधारणतः साठ हजारांपासून लाख-सव्वालाख वेळा. हे आकडे श्रवणमर्यादेच्या फार पलीकडचे आहेत. अभियंत्यांनी ते मुद्दाम तसे निवडले आहेत. चार पिनांच्या पंख्याचा वेग नियंत्रित करण्यासाठी इंटेलच्या विनिर्देशात २५,००० हर्ट्झची वारंवारता दिली आहे, तीही ऐकू येणाऱ्या पट्टीच्या बाहेर ठेवलेली आहे. असे असताना शिट्टी येते कोठून?

याचे उत्तर विजेच्या मागणीच्या लयीत आहे. नियंत्रकाचे स्वतःचे चालू-बंद होणे ऐकू येत नाही, परंतु त्याच्यावरचा भार ज्या लयीत कमी-जास्त होतो ती लय ऐकू येते. प्रोसेसरला काम नसले की तो वीज वाचविण्यासाठी गाढ विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि काम येताच जागा होतो. प्रत्येक वेळी प्रवाह झपाट्याने पडतो व चढतो. हे सेकंदाला हजार वेळा घडले, तर बोर्ड १,००० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील २,०००, ३,००० व त्यापुढील वारंवारतांनी थरथरतो. प्रवाहाचे झटके जितके एकाएकी, तितक्या या वरच्या पटी प्रबळ होतात आणि आवाज चिरका वाटतो.

लिनक्सच्या इतिहासात याचे एक उद्बोधक उदाहरण सापडते. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत सामान्य संगणकांसाठी घड्याळाचा ठोका सेकंदाला १०० वरून १,००० करण्यात आला. कामाची वाटणी अधिक नेमकी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु स्वस्थ बसलेला प्रोसेसर आता सेकंदाला हजार वेळा जागा होऊ लागला आणि कित्येक लॅपटॉप शिट्टी वाजवू लागले. प्रोसेसरला गाढ विश्रांतीत जाण्यास मनाई केली की आवाज थांबत असे. ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ आवृत्तीत हा ठोका निवडण्याची सोय झाली व मूळ मूल्य २५० ठेवण्यात आले. काम नसताना ठोका देणेच बंद करण्याची व्यवस्था एप्रिल २००७ मधील २.६.२१ आवृत्तीपासून येऊ लागली. सोल्डरिंगची सळई हातात न धरता, केवळ आज्ञावलीतील एक आकडा बदलून आवाज बदलतो, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने अतिशय मोलाची आहे.

ग्राफिक्स कार्डाचे वागणे याच जातीचे आहे. पडद्यावरील प्रत्येक चित्रचौकट रेखाटताना कार्ड वीज ओढते आणि दोन चौकटींच्या मध्ये क्षणभर सैल पडते. खेळातील गुंतागुंतीचे दृश्य सेकंदाला ६०-७० चौकटींनी चालत असेल, पण त्याच खेळाच्या सुरुवातीच्या साध्या यादीच्या पडद्यावर, कोणतीही मर्यादा घातलेली नसल्यास, हाच आकडा हजारांवर जाऊ शकतो. म्हणूनच प्रत्यक्ष खेळात शांत असणारे कार्ड नेमके त्या रिकाम्या पडद्यावर किंचाळते. भार जास्त म्हणजे आवाज जास्त, हा समज येथे उपयोगाचा नाही.

याच्या अगदी उलट स्थितीत, म्हणजे भार जवळजवळ नसताना, एसएमपीएस आवाज करू शकतो. अल्प भारावर वीज वाया जाऊ नये म्हणून अनेक मंडले सलग काम करण्याऐवजी थोडे काम आणि थोडी विश्रांती अशा झटक्यांनी चालतात. या झटक्यांची वारंवारता श्रवणमर्यादेत उतरते. संगणक बंद असूनही भिंतीवरील बटण चालू असताना येणारी बारीक किणकिण बहुधा अशीच असते. कित्येकदा तर ती संगणकाची नसतेच. त्याच एक्स्टेन्शन बोर्डाला लावून ठेवलेल्या मोबाइलच्या चार्जरची असते.

कानाच्या साक्षीची मर्यादा

जुन्या खोक्याच्या दूरचित्रवाणी संचाच्या काळात वाढलेल्या अनेकांना आठवत असेल की, आवाज पूर्ण बंद केलेला संच चालू आहे हे मुलांना शेजारच्या खोलीतूनही कळत असे. भारतातील प्रक्षेपणाच्या पाल पद्धतीत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा रेखाटले जाई, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. संचातील रोहित्र त्याच वारंवारतेने शिट्टी घाली. ती मुलांना स्पष्ट ऐकू येई व आजोबांना मुळीच येत नसे. वय वाढत जाते तशी उच्च वारंवारता ऐकण्याची क्षमता आधी कमी होते आणि ती इतकी हळूहळू कमी होते की, व्यक्तीला स्वतःला ते जाणवत नाही. याचाच उपयोग करून वेल्समधील हॉवर्ड स्टेपल्टन यांनी २००५ मध्ये दुकानांसमोर रेंगाळणाऱ्या तरुणांना पिटाळण्यासाठी सुमारे १७,४०० हर्ट्झचा आवाज काढणारे यंत्र तयार केले. ते प्रौढ गिऱ्हाइकांना सहसा ऐकू येत नाही.

नेहमीच्या श्रवणचाचणीत २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचेच स्वर तपासतात, हेही लक्षात घ्यावयास हवे. ‘कान तपासले, अहवाल उत्तम आहे’ असे म्हणणारी व्यक्ती १४,००० हर्ट्झच्या बाबतीत बहिरी असू शकते. तेव्हा प्रयोगशाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने अमुक संगणकाजवळ बसवत नाही अशी तक्रार केली आणि शिक्षक व तंत्रज्ञ दोघांनाही काही ऐकू आले नाही, तर त्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. प्रयोगशाळांमध्ये अशा तक्रारी ज्या सहजतेने हसण्यावारी नेल्या जातात, ती सहजता शास्त्रीय म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, कर्णनाद नावाचा विकारही असतो. त्यात बाहेर कोणताही ध्वनी नसताना शिट्टी ऐकू येते. संगणकाची वीज पूर्ण तोडून, दुसऱ्या खोलीत गेल्यावरही आवाज येत राहिला, तर संगणकाची तपासणी थांबवून डॉक्टरांकडे जाणे योग्य.

कानाची दुसरी मर्यादा दिशेसंबंधी आहे. कमी वारंवारतेच्या ध्वनीची दिशा आपण तो दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून आणि जास्त वारंवारतेच्या ध्वनीची दिशा दोन कानांतील तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो, असे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले. बंद खोलीत एकसुरी चिरक्या स्वराच्या बाबतीत तीव्रतेचा हा संकेत फसवा ठरतो. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी अवघी ३.४ सेंटिमीटर असते. भिंतींवरून व टेबलावरून परतलेले तरंग मूळ तरंगांत मिसळून कोठे आवाज मोठा, तर दोन बोटांवर जवळजवळ नाहीसा होतो. डोके किंचित हलविले की आवाज सरकल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. ‘आवाज मागून, वरच्या बाजूने येतो, म्हणजे एसएमपीएसच खराब’ असे निदान करून नवा एसएमपीएस आणणाऱ्याची निराशा होते, ती याच कारणाने.

तपासणीची रीत

तपासणीचा पाया एका साध्या नियमावर आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलापूर्वीची व नंतरची नोंद ठेवावी. नोंदीसाठी कानाऐवजी भ्रमणध्वनी वापरणे चांगले. ध्वनीचे वारंवारतेनुसार पृथक्करण करून आलेख दाखविणारी मोफत अ‍ॅप उपलब्ध आहेत. संगणकावर हेच काम २००० पासून उपलब्ध असलेल्या ऑडॅसिटी या मुक्त आज्ञावलीने होते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे ध्वनिमुद्रण २२,०५० हर्ट्झपर्यंतचे स्वर टिपू शकते आणि ४,०९६ नमुन्यांच्या पृथक्करणात सुमारे ११ हर्ट्झचा फरक ओळखता येतो. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवावे. एमपी३ सारख्या संक्षेपित स्वरूपात कमी दर्जा निवडल्यास साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग गाळला जातो, म्हणजे ज्याचा शोध घ्यावयाचा तेच नाहीसे होते. भ्रमणध्वनी एकाच जागी ठेवून सर्व नोंदी घ्याव्यात. वर सांगितलेला तरंगलांबीचा मुद्दा त्यालाही लागू आहे.

सर्वांत प्रथम स्पीकर व हेडफोन काढून टाकावेत. माऊस हलविला की चिरचिर होते, ही तक्रार फार वेळा स्पीकरमधील असते. संगणकातील विद्युत गोंधळ ध्वनिमंडलात शिरतो किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधील फरकामुळे तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. हा निराळा विषय आहे आणि त्यासाठी कॅबिनेट उघडण्याचीही गरज नसते. त्यानंतर पडदा बंद करून पाहावा व चालू असताना त्याची प्रखरता कमी-जास्त करावी. अनेक पडद्यांत प्रखरता कमी करण्यासाठी मागील दिवे वेगाने चालू-बंद केले जातात. प्रखरतेबरोबर आवाज बदलला, तर शोध कॅबिनेटबाहेरच संपतो.

भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेले इन्व्हर्टर आणि संगणकाचे यूपीएस यांचाही विचार करावा लागतो. स्वस्त इन्व्हर्टर बॅटरीवर असताना घराच्या विजेसारखी गोलाईदार लाट देत नाही, तर पायऱ्यापायऱ्यांची, जवळजवळ चौकोनी लाट देतो. त्या लाटेवर चांगला एसएमपीएसही गुरगुरतो. संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहिल्यास हा प्रश्न निकालात निघतो.

आता कॅबिनेटकडे वळता येईल. प्रथम न उघडता. संगणक सुरू करून विंडोज किंवा लिनक्समध्ये न जाता बायोसच्या पडद्यावर थांबावे. तेथे प्रोसेसर सहसा गाढ विश्रांतीत जात नाही. बायोसमध्ये शांतता आणि विंडोजमध्ये काही न करता बसले की शिट्टी, असे असेल तर प्रोसेसरच्या विश्रांतीशी संबंधित नियंत्रकावर संशय घ्यावा. बायोसमध्ये ‘सी-स्टेट’ नावाचा पर्याय तात्पुरता बंद करून पाहिल्यास हा संशय पक्का होतो किंवा फिटतो. वेबपृष्ठ वरखाली सरकविताना किंवा माऊस हलविताना आवाज बदलतो, हेही त्याच दिशेचे चिन्ह आहे. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली स्थिती कळवितो आणि तितक्या वेळा प्रोसेसरची झोपमोड होते. याउलट, त्रिमितीय दृश्य चालू असतानाच आवाज येत असेल, तर चौकटींची संख्या ६० वर बांधून पाहावी. १,२०० चौकटींना असलेली शिट्टी ६० ला नाहीशी झाली, तर आवाज ग्राफिक्स कार्डाच्या भाराशी निगडित आहे, हे सिद्ध होते. तरीही तो आवाज कार्डाच्याच वेटोळ्यांचा आहे की त्याला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसचा, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही. बहुतेक चुकीची खरेदी नेमक्या याच टप्प्यावर होते.

तो निर्णय करण्यासाठी भागांची अदलाबदल करावी लागते. वीज बंद करून, प्लग काढून, प्रथम कॅबिनेटचे पंखे एकेक करून सोडवावेत व थोडा वेळच संगणक चालवावा. प्रोसेसरवरचा पंखा कधीही काढू नये, त्याचा वेग बायोसमधून बदलून पाहावा. पाती बोटाने अडविण्याची सवय टाळलेली बरी. प्रोसेसरमध्येच चित्रसुविधा असेल, तर ग्राफिक्स कार्ड काढून संगणक चालविता येतो. शेवटी स्नेह्याकडून काही तासांपुरता पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस आणून तो जोडावा. एसएमपीएससोबत मिळालेल्या वायरी त्यालाच वापराव्यात. वेगवेगळ्या नमुन्यांच्या सुट्या वायरींची जुळणी सारखी असतेच असे नाही आणि त्यात भाग जळू शकतात.

आवाजाची जागा नेमकी पाहावयाची असल्यास जाड कागदाची सुरळी उपयोगी पडते. १८१६ मध्ये पॅरिसमधील डॉक्टर रेने लाएनेक यांनी रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठी कागदाचीच सुरळी केली होती आणि तिच्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. सुरळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे बोर्डापासून दोन-तीन सेंटिमीटरवर फिरविल्यास परावर्तित आवाज बराच कमी होतो. गॅरेजमधील मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतो, ती रीत येथे अजिबात चालणार नाही. चालू बोर्डावर धातू टेकला तर चिरका आवाज थांबेल, पण संगणकासकट.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते, आतील मोठा कपॅसिटर तेवढ्या किंवा त्याहून अधिक दाबाने भारलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो भार काही काळ टिकू शकतो. तसेच कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर सॉकेटमध्ये अर्थिंग नसण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी आवाजाचा शोध बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

उपाय आणि हमीचा प्रश्न

उगमस्थान कळल्यानंतरचे उपाय फारसे चमकदार नाहीत. चौकटींची संख्या मर्यादित ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, त्याने वीजही वाचते. सी-स्टेट कायमचे बंद ठेवल्यास शांतता मिळते, पण स्वस्थ बसलेला संगणक अधिक वीज घेतो. तेवढी किंमत मोजावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. एसएमपीएस बदलल्याने ग्राफिक्स कार्डाचा आवाज कमी झाल्याची उदाहरणे आहेत, कारण कार्डाला मिळणाऱ्या विजेचे स्वरूप बदलते. परंतु उसना आणून पाहिल्याशिवाय तो विकत घेऊ नये. कारखान्यात वेटोळ्यांवर वार्निश किंवा राळेसारखा लेप देऊन वेढे घट्ट केले जातात. तेच काम घरी गरम गोंद ओतून करण्याचा सल्ला दिला जातो, तो धोक्याचा आहे. गोंदामुळे उष्णता कोंडते, हमी संपुष्टात येते आणि कंपन कपॅसिटरचे असेल तर काहीच साधत नाही.

हमीच्या बाबतीत मालकाची स्थिती अवघड असते. असा आवाज करणारा भाग विद्युतदृष्ट्या निर्दोष असू शकतो, वेटोळे गुणगुणते म्हणून ते लवकर निकामी होते असेही नाही. त्यामुळे अनेक उत्पादक या आवाजाला दोष मानत नाहीत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(१०) मधील ‘दोषा’ची व्याख्या कायद्याने किंवा करारान्वये राखावयाच्या, अथवा विक्रेत्याने दावा केलेल्या, दर्जाशी जोडलेली आहे. म्हणजेच खोक्यावर किंवा जाहिरातीत भाग निःशब्द चालतो असे म्हटले असेल, तर तक्रारीला आधार मिळतो आणि तसे काहीच म्हटलेले नसेल, तर तो शोधावा लागतो. यासाठी जाहिरातीची व खोक्याची छायाचित्रे खरेदीच्या वेळीच जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दुकानदाराकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगून भागत नाही. दुकानातील कोलाहलात तो ऐकूच येत नाही आणि काउंटरवर बसलेल्या गृहस्थांचे वय बहुधा पन्नाशीचे असते. त्याऐवजी त्याच जागी ठेवलेल्या भ्रमणध्वनीने घेतलेले तीन आलेख सोबत न्यावेत : संगणक बंद असतानाचा, मूळ भागासह चालू असतानाचा आणि केवळ तो एक भाग बदलून चालू असतानाचा. दुसऱ्या आलेखात, समजा, ९,००० हर्ट्झला उभे राहिलेले टोक पहिल्या व तिसऱ्या आलेखांत नसेल, तर ते बोटाने दाखविता येते. प्रत्येक आलेखावर तारीख, भागाचा नमुना व अनुक्रमांक आणि त्या वेळी पडद्यावर काय चालू होते, हे लिहिलेले असावे. प्रयोगशाळेच्या बाबतीत याच नोंदी जडसंग्रह नोंदवहीत त्या संगणकाच्या क्रमांकासमोर लावाव्यात आणि तक्रार प्रथम कोणत्या विद्यार्थ्याने केली, त्याचा बैठक क्रमांकही तेथे टिपून ठेवावा. भाग बदलून आल्यावर आवाज खरोखर गेला की नाही, हे पुन्हा त्याच विद्यार्थ्याला विचारावे लागणार असते.